शितावरून भात : संख्याशास्त्राचे पाठ्यग्रंथ आणि मराठी गद्य

१

साहित्यसंस्थेच्या मुखपत्रात संख्याशास्त्राच्या पाठ्यग्रंथांची चर्चा पाहून काही सभासदांना आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. काव्य, कादंबरी, नाटक आणि फार तर चरित्र व निबंध, एवढ्याच प्रांतात वावरण्याची आपल्या समीक्षेला सवय जडली आहे. शास्त्रीय ग्रंथ हा माहितीचा विषय आहे, वाङ्मयाचा नव्हे, असे आपण केव्हा तरी परस्पर ठरवून टाकले. आणि त्यांतही पाठ्यपुस्तक म्हणजे पंगतीत अगदी शेवटच्या पाटावर बसणारे. शिक्षकांनी ते शिकवावे, विद्यार्थ्यांनी परीक्षेपुरते वाचावे आणि निकाल लागताच रद्दीत घालावे, याहून अधिक त्याचे आयुष्य नाही, अशी सर्वसाधारण समजूत दिसते.

या समजुतीला आपल्या परंपरेचा मात्र आधार नाही. भास्कराचार्यांचा 'सिद्धांतशिरोमणी' इसवी सन ११५० मधला. त्याचा पहिला भाग 'लीलावती' हे सरळसरळ अंकगणिताचे पाठ्यपुस्तक आहे. ते श्लोकबद्ध आहे, त्यात एका श्रोत्रीला उद्देशून प्रश्न घातले आहेत, आणि भ्रमर, हंस, कमळे यांच्या निमित्ताने समीकरणे मांडली आहेत. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन केला, व त्याची नोंद करणारा १२०७ चा शिलालेख तेथे आहे. पाठ्यपुस्तकासाठी शिलालेख कोरणाऱ्या समाजाने पाठ्यपुस्तक आणि वाङ्मय यांच्यामध्ये आजच्याइतकी उंच भिंत घातली असेल, असे मानणे कठीण आहे.

प्रस्तुत लेखात विसाव्या शतकातील उच्च संख्याशास्त्राच्या काही मान्यवर पाठ्यग्रंथांकडे गद्यकृती म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. हे करण्याचे प्रयोजन केवळ रसग्रहणाचे नाही. मराठीत या पातळीचा पाठ्यग्रंथ का रुजला नाही, असा प्रश्न निघाला की 'परिभाषा नाही' हे उत्तर आपण तत्काळ देतो. मला ते उत्तर चुकीचे वाटते. परिभाषा आहे, कोशही आहेत. उणीव आहे ती त्या परिभाषेला वाक्यात नांदवणाऱ्या गद्याची. आणि या उणिवेत शास्त्रज्ञांइतकाच आपला, म्हणजे साहित्याची चर्चा करणाऱ्यांचाही, वाटा आहे.

२

प्रथम रोनाल्ड फिशर यांचे 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर रिसर्च वर्कर्स' घेऊ. हे पुस्तक १९२५ मध्ये एडिंबरो येथे प्रसिद्ध झाले. फिशर त्या वेळी रॉथॅमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात काम करीत होते, आणि त्यांचा अपेक्षित वाचक गणितज्ञ नसून खत, बियाणे आणि जनावरे यांच्यावर प्रयोग करणारा संशोधक होता. म्हणून पुस्तकात सिद्धता जवळजवळ नाहीत. उदाहरण घ्यावे, ते टप्प्याटप्प्याने सोडवून दाखवावे, शेवटी कोष्टक द्यावे, असा त्याचा परिपाठ आहे. पाकशास्त्राच्या पुस्तकाशी त्याची तुलना केली तर ती निंदा ठरू नये. असंख्य प्रयोगशाळांतील स्वयंपाक त्याच्यावर चालला. परंतु कृती दिली आणि कारण दिले नाही, की कृतीचा विधी होतो. निष्कर्ष केवळ योगायोगाने निघण्याचा संभव शंभरांत पाचांहून कमी असावा, ही फिशर यांनी सोयीची म्हणून सुचविलेली मर्यादा पुढे अनेक शास्त्रांत जणू धर्माज्ञा होऊन बसली. लेखकाचा तसा उद्देश नसेल. पण ज्या गद्यात 'का' या शब्दाला जागा कमी असते, त्याचा वाचक आज्ञाधारकच होणार.

गंमत अशी, की 'का' सांगण्याची कला फिशर यांना अवगत नव्हती असे मुळीच नाही. दहा वर्षांनी, १९३५ मध्ये, त्यांनी 'द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स' लिहिले. त्यातील चहाची कथा प्रसिद्धच आहे. दूध आधी ओतले की चहा आधी ओतला, हे आपण चवीवरून ओळखतो असे एक बाई म्हणतात. तिची परीक्षा कशी घ्यावी? आठ पेले करावेत, चार एका रीतीचे, चार दुसऱ्या रीतीचे. आठांतून चार निवडण्याचे प्रकार सत्तर. तेव्हा काहीही न कळता केवळ अंदाजाने सर्व पेले बरोबर ओळखले जाण्याचा संभव सत्तरांत एक. एवढ्या घरगुती प्रसंगातून प्रयोगाच्या आखणीचे सारे तत्त्वज्ञान फिशर उलगडतात: पेल्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकूनच का ठरवावा, तीन पेले बरोबर आले तर ते का पुरेसे नाही, आणि प्रयोग काय सिद्ध करू शकत नाही. गणित शाळकरी, विचार प्रौढ. एकाच लेखकाच्या या दोन पुस्तकांतील अंतर हे माहितीचे नाही, गद्याचे आहे.

मॉरिस केंडॉल यांच्या 'द ॲडव्हान्स्ड थिअरी ऑफ स्टॅटिस्टिक्स'विषयी थोडक्यात सांगता येईल. १९४३ व १९४६ मध्ये दोन खंडांत निघालेला हा ग्रंथ पुढे ॲलन स्ट्युअर्ट यांच्या सहकार्याने १९५८ ते १९६६ या काळात तीन खंडांचा झाला. तो कोठार आहे. त्यात सर्व काही सापडते. पण कोठारात आपण वस्तू आणायला जातो, राहायला जात नाही.

हाराल्ड क्रामेर यांचा 'मॅथेमॅटिकल मेथड्स ऑफ स्टॅटिस्टिक्स' याच्या अगदी उलट. हे स्वीडिश गणितज्ञ दुसऱ्या महायुद्धात बाहेरच्या जगापासून तुटलेल्या स्टॉकहोममध्ये बसून लिहीत होते. ग्रंथ १९४५ मध्ये स्वीडनमध्ये व १९४६ मध्ये प्रिन्स्टन येथून प्रसिद्ध झाला. इंग्रज आणि अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांची व्यवहारी पद्धती एका बाजूस, फ्रेंच आणि रशियन गणितज्ञांची काटेकोर संभाव्यता दुसऱ्या बाजूस, अशा दोन तीरांवर त्यांनी पूल बांधला. ग्रंथाची रचनाच बोलकी आहे: पहिली बारा प्रकरणे निव्वळ गणिताची, पुढची बारा संभाव्यतेची, आणि नमुन्यावरून निष्कर्ष काढण्याचा विषय, ज्यासाठी वाचक आलेला असतो, तो पंचविसाव्या प्रकरणात सुरू होतो. गाभाऱ्यापर्यंत पोचण्यासाठी इतका लांब सभामंडप ओलांडावयास लावणारा लेखक वाचकाच्या धीरावर विश्वास ठेवतो. तो विश्वास सार्थ ठरतो, कारण क्रामेर यांच्या गद्यात पाऊल कोठेच अडखळत नाही. मात्र वाट सरळ असल्यामुळे वाचकाला ती स्वतः शोधल्याचा आनंद मिळत नाही. तो आनंद देणारा ग्रंथ चार वर्षांनी आला.

३

विल्यम फेलर यांच्या 'ॲन इंट्रोडक्शन टू प्रॉबॅबिलिटी थिअरी अँड इट्स ॲप्लिकेशन्स' या ग्रंथाचा पहिला खंड १९५० मध्ये निघाला. १९५७ आणि १९६८ मध्ये त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या झाल्या, आणि दुसरा खंड १९६६ मध्ये आला. लेखक १९०६ मध्ये झाग्रेबला जन्मलेले, १९३३ मध्ये जर्मनी सोडून आलेले. इंग्रजी ही त्यांची मातृभाषा नव्हे. तरीही गणिताच्या इंग्रजी पाठ्यग्रंथांत गद्याच्या दृष्टीने याच्या तोडीचे फार थोडे असतील.

पहिल्या खंडात फेलर यांनी स्वतःवर एक बंधन घालून घेतले आहे. संभाव्यतेच्या आधुनिक सिद्धांताला मापन-सिद्धांताची अवघड भूमिका लागते. क्रामेर यांनी ती आधी रचली. फेलर म्हणतात, ज्या घटना मोजता येतात, एक, दोन, तीन अशा वेगळ्या करता येतात, तेवढ्यांचाच विचार या खंडात करू. या एका निर्णयाने वाचक पहिल्याच पानावर विषयाच्या मध्यभागी येऊन उभा राहतो. चेंडू आणि डबे, पत्ते, फासे, नाणी ही सामग्री. परंतु त्यांतून भौतिकी, जीवशास्त्र आणि दूरध्वनीचे व्यवहार यांच्यापर्यंत वाटा फुटतात. जी कलमे पहिल्या वाचनात सोडली तरी चालतील त्यांवर तारा दिलेल्या आहेत. हे लहानसे सौजन्य आहे. पण आपला वाचक कोठे थकेल हे जाणणाऱ्या लेखकालाच ते सुचते.

एक उदाहरण विस्ताराने पाहण्याजोगे आहे. १९४४ मध्ये लंडनवर जर्मन उडते बाँब पडत होते. ते ठरावीक वस्त्यांवर नेमके टाकले जातात, त्यांचे घोळके पडतात, अशी लोकांची खात्री झाली होती. दक्षिण लंडनचा प्रदेश प्रत्येकी पाव चौरस किलोमीटरच्या ५७६ चौकटींत विभागून पडलेल्या ५३७ बाँबांची पुढे मोजदाद करण्यात आली. २२९ चौकटींत एकही बाँब पडला नव्हता. २११ चौकटींत एक, ९३ मध्ये दोन, ३५ मध्ये तीन, ७ मध्ये चार, आणि एका चौकटीत पाच किंवा अधिक. आता बाँब केवळ योगायोगाने, कोणत्याही चौकटीचा पक्षपात न करता पडले असे धरले, तर प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नियमाने काय अपेक्षित आहे? २२६.७४, २११.३९, ९८.५४, ३०.६२, ७.१४ आणि १.५७. फेलर हे दोन रकाने शेजारी ठेवतात आणि जवळजवळ काहीच बोलत नाहीत. भयभीत नगराने ज्यात हेतू पाहिला, त्यात हेतू नव्हता. निव्वळ योगायोगातही घोळके दिसतात. समान अंतरावर, नीटनेटके पडणारे बाँब हेच उलट संशयास्पद ठरले असते. युद्धाविषयी एकही भावनिक शब्द न लिहिता हा उतारा वाचकाच्या मनात जे करतो, ते करण्यासाठी पुष्कळ कथालेखकांना पुष्कळ पाने लागतील.

दुसरे उदाहरण नाणेफेकीचे. दोघे जण दीर्घकाळ नाणे उडवून खेळत आहेत, छाप पडला तर एकाला एक रुपया, काटा पडला तर दुसऱ्याला. नाणे खरे असेल तर आघाडी कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे अशी वारंवार बदलत राहील, असे आपल्याला वाटते. फेलर दाखवितात की ते खोटे आहे. खेळ कितीही लांबवा, त्याच्या सबंध उत्तरार्धात एकदाही बरोबरी न होण्याचा संभव निम्मा असतो. वर्षभर दर सेकंदाला एक याप्रमाणे नाणे उडविले, तरी असे वीस खेळ घेतल्यास सुमारे एका खेळात कमनशिबी खेळाडू ३६५ दिवसांपैकी जेमतेम साडेतेरा तास आघाडीवर असेल, उरलेला सर्व काळ दुसरा. ज्याला आपण 'साडेसाती' म्हणतो किंवा ज्याला 'हाताला यश आहे' म्हणतो, त्यांतील काही भाग तरी खऱ्या नाण्याच्या निर्विकार स्वभावातून आलेला असू शकतो, हे वाचताना ध्यानात येते. येथे सिद्धता आहे, पण तिच्या आधी विस्मय आहे. प्रथम वाचकाची समजूत त्याच्याकडूनच वदवून घ्यावी, मग ती मोडावी, आणि शेवटी नवी समजूत सिद्धतेने बांधावी, हा फेलर यांचा क्रम आहे. नाटककाराला तो ओळखीचा वाटेल.

या ग्रंथात दोष नाहीत असे नाही. काही ठिकाणी युक्तीच्या आनंदात लेखक वेग वाढवितो, आणि त्याला सोपे वाटणारे वाक्य सामान्य विद्यार्थ्याला आठवडाभर पुरते. परंतु शंका घेणारा वाचक सतत समोर आहे असे धरून लिहिलेल्या गद्याचा तो उत्तम नमुना आहे, यात मतभेद होऊ नये.

४

आता आपल्याकडील दोन ग्रंथ. सी. आर. राव (१९२०-२०२३) यांचे 'लिनिअर स्टॅटिस्टिकल इन्फरन्स अँड इट्स ॲप्लिकेशन्स' १९६५ चे. कर्नाटकातील हडगली येथे तेलुगू घराण्यात जन्मलेल्या राव यांच्या नावाने आमच्या हैदराबादेत एक संशोधनसंस्थाही उभी आहे. क्रामेर आणि राव या दोघांची नावे जोडून ओळखली जाणारी असमानता राव यांनी १९४५ मध्ये, पंचविशीच्या आत, प्रसिद्ध केली होती. त्यांचा ग्रंथ रशियन, जर्मन, जपानी आदी भाषांत गेला. मराठी वाचकाला मात्र तो इंग्रजीतच वाचावा लागतो. गद्य म्हणून पाहता हा सूत्रग्रंथ आहे. एकेका वाक्यात इतके भरलेले असते की भाष्यावाचून ते उलगडत नाही. आणि प्रकरणांच्या शेवटी दिलेल्या स्वाध्यायांत तर मूळ संशोधनाचे निष्कर्षच प्रश्नाच्या वेषात बसलेले असतात. आपल्या परंपरेत सूत्र आणि भाष्य यांची जोडी असे. राव यांनी सूत्र दिले. भाष्य वर्गात शिक्षकाने करावयाचे, असा जणू त्यांचा संकेत आहे.

दुसरा ग्रंथ आपल्या अधिक जवळचा. पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११-१९९७) हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. त्यांचा 'सॅम्पलिंग थिअरी ऑफ सर्व्हेज विथ ॲप्लिकेशन्स' १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागे भारतातील शेतांवर केलेल्या पीककापणीच्या पाहण्यांचा अनुभव आहे. पूर्वी पिकाचा अंदाज आणेवारीने होई: चांगल्या वर्षीचे सामान्य पीक सोळा आणे धरावे आणि यंदाचे किती आणे ते गावकामगाराने नजरेने सांगावे. 'नजर पैसेवारी' हा शब्द महाराष्ट्राच्या महसुली व्यवहारात आजही ऐकू येतो. नजरेच्या जागी चिठ्ठीने निवडलेली शेते, आणि शेतांतही चिठ्ठीने निवडलेला तुकडा कापून, मळून, तोलून घेणे ही पद्धती रुजविण्यात सुखात्मे यांचा मोठा वाटा होता.

त्या कामातील एक शोध सांगण्याजोगा आहे. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न वाजवीपेक्षा अधिक दिसते, असे सुखात्मे यांना आढळले. कारण माणसाचा स्वभाव. हद्दीवरचे रोप आत धरावे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणारा ते बहुधा आत ओढतो. आता दहा हात बाजूच्या चौकोनाचे क्षेत्र शंभर आणि हद्द चाळीस. दोन हात बाजूच्या चौकोनाचे क्षेत्र चार आणि हद्द आठ. म्हणजे क्षेत्राच्या मानाने हद्द लहान तुकड्यात पाचपट, आणि चूकही त्याच प्रमाणात मोठी. येथे गणित आणि मनुष्यस्वभाव एकाच बांधावर भेटतात. परंतु सुखात्मे यांच्या ग्रंथाचे गद्य या भेटीला साजेसे नाही, हे खेदाने म्हणावे लागते. ते निर्दोष आहे, प्रामाणिक आहे, आणि कोरडे आहे. सूत्रामागून सूत्र येते. शेत, बांध, विळा आणि तो रोप आत ओढणारा हात कोष्टकांच्या मागे राहतो. हे सारे ज्या भाषेत घडले, त्या भाषेत ते लिहिले गेले असते तर? हा प्रश्न सुखात्मे यांना विचारण्याचा नाही. त्यांचा वाचक जगभर पसरलेला होता आणि त्यांनी योग्य तेच केले. प्रश्न आपल्याला आहे.

५

हैदराबादेत गणित व संख्याशास्त्र शिकविण्यात प्रस्तुत लेखकाचा बराच काळ गेला. पुस्तके इंग्रजी, तासही इंग्रजीत. परंतु तास संपल्यावर व्हरांड्यात बिदर-नांदेडकडची मुले गाठीत आणि तेच पुन्हा मराठीत समजावून मागत. एकदा 'यादृच्छिक नमुना' या विषयावर बोलणे चालले होते. आडत दुकानदाराच्या घरचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, डोळे मिटून कुठलंही पोतं फोडलं, तर तो नमुना यादृच्छिक झाला का?"

कोशातील प्रतिशब्द किती अपुरा असतो, हे त्या दिवशी मला कळले. 'यदृच्छा' म्हणजे मनाला येईल तसे. आणि शास्त्राला नेमके तेच नको आहे. मनाला येईल तसा उचललेला नमुना यादृच्छिक नसतो. डोळे मिटले तरी हात जवळच्या पोत्यांकडेच जातो. प्रत्येक पोत्याला क्रमांक द्यावा लागतो, आणि कोणता क्रमांक घ्यावयाचा हे मनाने न ठरविता चिठ्ठीने किंवा अंकांच्या कोष्टकाने ठरवावे लागते. म्हणजे शब्द एक सांगतो आणि शास्त्र त्याच्या उलट. शब्द बदलून हे सुटणार नाही. नवा शब्दही काही दिवसांनी असाच चकवील. तो शब्द घेऊन लिहिलेली चार चांगली वाक्येच त्याचा अर्थ सांभाळतात.

मी त्या मुलाला विचारले, "तुमच्या दुकानात वानगी कोण काढतो?" तो हसला. वानगी विकणारा काढतो, वरच्या थरातून काढतो, आणि घेणारा ते जाणून बंबी खुपसून आतले दाणे पाहतो. पक्षपाती नमुना म्हणजे काय, हे त्याला माझ्याहून चांगले ठाऊक होते. फक्त ते ज्ञान आपल्या अभ्यासक्रमातले आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मग बोलणे शितावर गेले. शितावरून भाताची परीक्षा होते, असे आपण म्हणतो. ती का होते? एकाच पाण्यात, एकाच आचेवर, ढवळून शिजलेला भात सारखा असतो म्हणून. दोन चुलींवर दोन पातेली असतील तर एका शिताने भागत नाही. प्रत्येक पातेल्यातून निराळे शीत घ्यावे लागते, आणि पुस्तकात ज्याला स्तरित नमुना म्हणतात तो हाच. आणखी असे, की पातेले घरचे असो की लग्नघरचा हंडा असो, भात सारखा शिजला असेल तर शिते तितकीच पुरतात. नमुना किती मोठा हवा हे समष्टीच्या आकारापेक्षा तिच्यातील विषमतेवर अवलंबून असते, हा संख्याशास्त्रातील बहुतेकांना न पटणारा सिद्धांत एका हंड्याने त्या मुलांना पटला.

हा प्रसंग स्वतःच्या अध्यापनाची थोरवी सांगण्यासाठी दिलेला नाही. असे बोलणे अनेक शिक्षक करीत असतील. सांगावयाचे ते हे, की वानगी, शीत, आणेवारी, सरासरी, पाहणी, नजरअंदाज ही सामग्री मराठीत पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. 'वानगीदाखल' हा शब्द तर आपण समीक्षेतही दररोज वापरतो. ती सामग्री व्हरांड्यात बोलली जाते आणि व्हरांड्यातच विरून जाते. कागदावर उतरते ते कोशातून आलेले ताठर भाषांतर.

मोठ्या भाषेत लिहिले म्हणून घरची भाषा ओस पडलीच पाहिजे असे नाही. कोल्मोगोरोव्ह यांनी संभाव्यतेची पायाभूत मांडणी १९३३ मध्ये जर्मनमध्ये प्रसिद्ध केली. तीन वर्षांत, १९३६ मध्ये, ती रशियनमध्ये आली. क्रामेर यांनी थोर ग्रंथ इंग्रजीत लिहिला, पण संभाव्यतेचे एक पाठ्यपुस्तक त्यांनी स्वीडिशमध्येही लिहिले होते, आणि तेच मागाहून इंग्रजीत गेले. आपल्याकडे असे परतीचे पाऊल क्वचितच पडले. गोव्यातील कोसंबी पितापुत्रांचे उदाहरण या संदर्भात मनात येते. धर्मानंद कोसंबी यांनी पाली ग्रंथांतील बुद्धचरित्र आणि बौद्ध विचार सुबोध मराठीत आणून ठेवला. पुत्र दामोदर धर्मानंद यांनी आनुवंशिकीतील अंतरांचे सूत्र १९४४ मध्ये दिले, प्राचीन नाण्यांच्या वजनांवर संख्याशास्त्र चालविले; ते सारे इंग्रजीत. एका पिढीत एका घरातून एक विद्या मराठीत आली आणि पुढच्या पिढीत दुसरी बाहेर राहिली. दोष व्यक्तीचा नव्हे. वडिलांच्या लेखनाला मराठीत वाचक होता, मुलाच्या या लेखनाला नव्हता.

केवळ शासनाच्या बळावर असा वाचक निर्माण होत नाही, याचा धडा हैदराबादेने पाहिला आहे. येथे १९१७ मध्ये भाषांतर विभाग आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. गणितासह सर्व उच्च विषय उर्दूत शिकविले गेले, परिभाषा घडली, ग्रंथ निघाले. तो प्रयत्न भव्य होता आणि त्याबद्दल आदरच वाटतो. परंतु १९४८ नंतर माध्यम बदलले आणि त्या पाठ्यग्रंथांचा वाचकच उरला नाही. ज्या पुस्तकाचा वाचक केवळ परीक्षार्थी असतो, ते परीक्षा बदलताच मरते. 'लीलावती'ला परीक्षेची गरज पडली नाही.

६

हा प्रश्न आज पुन्हा तातडीचा झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने भारतीय भाषांतून उच्च शिक्षणाचा पुरस्कार केला; २०२१ पासून अभियांत्रिकीच्या शिक्षणालाही मराठीसह काही भाषांचे द्वार उघडले; आणि पाठ्यपुस्तकांच्या भाषांतरासाठी यंत्राचेही साहाय्य घेतले जात आहे. पुस्तके येतील, भराभर येतील. संगणकामुळे फिशर यांच्या कोष्टकांची गरज संपली, तशी शब्दाला शब्द ठेवण्याच्या श्रमाचीही संपू लागली आहे. परंतु 'यादृच्छिक' या शब्दाजवळ वाचक कोठे चकेल, हे जाणून त्याच्यासाठी पोते, वानगी आणि शीत पुढे ठेवणारे वाक्य हे श्रमाचे काम नाही, ते निवडीचे आहे. तेथे ग्रंथकार लागतो, आणि ग्रंथकाराला त्याचे वाक्य वाचणारा टीकाकार लागतो.

म्हणून साहित्यसंस्थांकडे माझे मागणे माफक आहे. मराठीत निघणाऱ्या शास्त्रीय पाठ्यग्रंथांची परीक्षणे आपल्या मुखपत्रांत येऊ द्यावीत. आणि ती 'विषयाची मांडणी सोपी आहे' एवढ्यावर न थांबता कादंबरीच्या परीक्षणाप्रमाणे वाक्य, दृष्टांत आणि रचना यांना हात घालणारी असावीत. ग्रंथ दुर्बोध असेल तर तसे स्पष्ट लिहावे. मराठीत लिहिला एवढ्याच पुण्याईवर त्याला अभय देऊ नये, कारण त्या अभयाने आजवर भाषेचे नुकसानच झाले आहे. दुसरे असे, की निवृत्त होणाऱ्या शिक्षकांजवळ वर्गात घडलेले मराठी असते. त्यांच्याकडून सबंध ग्रंथाची अपेक्षा न करता एकेक प्रकरण लिहून घ्यावे: एकाने नमुन्याचे, दुसऱ्याने सरासरी आणि तिच्या फसवणुकीचे, तिसऱ्याने नाणेफेकीचे. ती प्रकरणे आपसांत वाचून दाखवावीत, आणि शास्त्र न शिकलेल्या पण भाषा जाणणाऱ्या सभासदाने जेथे अडखळल्याचे सांगितले तेथे ती पुन्हा लिहावीत.

फेलर यांचे इंग्रजी झाग्रेबहून आले होते आणि तरी ते इंग्रजीला भूषण झाले. मराठी तर आपल्या घरची आहे. त्या आडत्याच्या मुलाला व्हरांड्यात जे कळले, ते त्याच्या धाकट्या भावाला पुस्तकात वाचता यावे, इतकेच अपेक्षिले आहे. नमुन्याचे प्रकरण लिहावयास मी स्वतः आरंभ केला आहे. ते पुढील सभेत वाचून दाखविण्याची अनुज्ञा मिळावी. सभासदांनी त्यातील शिते चेपून पाहावीत आणि कच्ची असतील तर तसे सांगावे.